सामान्य ज्ञान : एका ओळीच्या उत्तरामागची गोष्ट



शाळेत परिपाठात प्रार्थना, सुविचार, दिनविशेष झाले की सामान्य ज्ञानाचे पाच प्रश्न होतात. एक विद्यार्थी प्रश्न वाचतो, दुसरा उत्तर देतो, टाळ्या होतात आणि मुलं वर्गात जातात. घरीही तेच. शिष्यवृत्ती किंवा नवोदयचं वर्ष असलं की जाड पुस्तक येतं आणि "भारतातील पहिला चित्रपट?", "पाण्याचा उत्कलनांक?" असं पाठांतर सुरू होतं.

पाठांतराला आपण नावं ठेवायला नकोत. परीक्षेत वेळ कमी असतो, उत्तर पटकन आठवावं लागतं. पण नुसतं पाठ केलेलं उत्तर दोन महिन्यांत विसरलं जातं. त्याहून मोठा तोटा वेगळाच आहे. ज्या मुलाला "हे कशावरून?" असं विचारायची सवय लागली नाही, ते मूल पुस्तकातलं उत्तर जसं मान्य करतं, तसंच मोबाईलवर आलेली कुठलीही माहिती मान्य करतं. दोन्ही त्याच्यासाठी सारखंच खरं असतं!

म्हणून या लेखात आपण खाद्यपदार्थ, चित्रपट, इतिहास आणि विज्ञान या चार विषयांतले नेहमीचे प्रश्न घेऊ आणि प्रत्येक उत्तराला पुढचा एक प्रश्न विचारून पाहू. ते प्रश्न असे :

१) हे इथे आलं कुठून?
२) "पहिला" म्हणजे नेमका कोणत्या अर्थाने पहिला?
३) ही तारीख कोणत्या दिनदर्शिकेतली?
४) हे कोणत्या अटीवर खरं आहे?

चला तर मग, सुरुवात स्वयंपाकघरातून करूया.

१. उपवासाच्या ताटातला भूगोल

मुलांना विचारा, "साबुदाणा कोणत्या झाडाला लागतो?" बहुतेक मुलं तांदळासारखं किंवा ज्वारीसारखं एखादं पीक डोळ्यांसमोर आणतील. खरं तर साबुदाणा कोणत्याच झाडाला लागत नाही. आपल्याकडे तो कसावा नावाच्या झाडाच्या कंदापासून तयार करतात. कंद सोलून वाटायचे, त्यातलं पिठूळ सत्त्व पाण्यात खाली बसू द्यायचं, मग त्याचे गोल दाणे करून ते भाजून किंवा वाफवून वाळवायचे. तमिळनाडूतला सेलम जिल्हा या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे साबुदाणा हे धान्यही नाही आणि बीही नाही, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. भिजवताना पाणी थोडं जास्त झालं की खिचडीचा गोळा का होतो, ते इथे समजतं. मूळचा साबुदाणा मात्र आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून बनत असे. नाव तिकडचं राहिलं, कच्चा माल बदलला.

आता खिचडीत काय काय घालतो, त्याची यादी फळ्यावर लिहा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, जिरं, मीठ, तूप. पहिल्या चारही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत! कसावा आणि भुईमूग दक्षिण अमेरिकेतले. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातला. मिरची मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशांतली. शेजारच्या वाटीतलं रताळं आणि राजगिऱ्याचा लाडूसुद्धा तिकडचाच. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोहोचला, वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. यानंतरच्या काळात ही पिकं समुद्रमार्गे आपल्याकडे आली.

याचा पुरावा आपल्या तोंडात रोज असतो. उत्तरेत "आलू" म्हणतात, आपण "बटाटा" म्हणतो, कारण पोर्तुगीज भाषेत तो "बटाटा"च आहे. काजू, अननस, पपई, पाव हे शब्दही पोर्तुगिजांकडून आले. मिरचीची गंमत तर आणखी वेगळी. नवा तिखट पदार्थ आला, तेव्हा लोकांनी त्याला जुन्या तिखट पदार्थाचं नाव दिलं. मिरीवरून मिरची.

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : "ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये लिहिली गेली. त्या काळी भाजीला तिखटपणा कशाने आणत असतील?" मुलं थोडा वेळ विचारात पडतात. मग कोणी मिरी म्हणतं, कोणी आलं म्हणतं, एखाद्याला आजीच्या औषधातली पिंपळी आठवते. तिन्ही उत्तरं बरोबर. एका प्रश्नात इतिहास, भूगोल आणि भाषा तिन्ही येतात.

उपवासाच्या पदार्थांबद्दल हे सांगताना सूर मात्र सांभाळावा. यात कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. दूरदेशाहून आलेलं पीक आपल्या लोकांनी इतकं आपलंसं केलं की ते थेट देवाच्या दिवशीच्या ताटात जाऊन बसलं, ही कौतुकानेच सांगायची गोष्ट आहे.

जाता जाता पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. "कधीही न नासणारा पदार्थ कोणता?" या प्रश्नाचं उत्तर "मध" असं छापलेलं असतं. मधात पाणी फार कमी आणि साखर भरपूर असते, शिवाय तो आम्लधर्मी असतो. त्यामुळे त्यात जिवाणू वाढू शकत नाहीत. हे खरं आहे. पण "वाढू शकत नाहीत" म्हणजे "नसतातच" असं नाही. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू मधात निपचित पडून राहू शकतात. मोठ्या माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजू शकतात आणि गंभीर आजार होऊ शकतो. म्हणूनच एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, असं डॉक्टर सांगतात. आपल्याकडे बाळाला मध चाटवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. एका ओळीचं उत्तर अर्धवट राहिलं तर काय होऊ शकतं, याचं याहून मोठं उदाहरण नको.

२. चित्रपट आणि "पहिला" या शब्दाची गंमत

"भारतातील पहिला चित्रपट कोणता?" उत्तर : राजा हरिश्चंद्र. "कोणी काढला?" उत्तर : दादासाहेब फाळके. दोन्ही बरोबर. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला आणि त्यांचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

आता पुढचा प्रश्न. त्याआधी भारतात पडद्यावर काहीच दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजीच दाखवल्या गेल्या होत्या. सावेदादा म्हणजेच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये एका कुस्तीचं चित्रण केलं होतं. आणि १८ मे १९१२ रोजी, म्हणजे राजा हरिश्चंद्रच्या जवळजवळ एक वर्ष आधी, दादासाहेब तोरणे यांचा "श्री पुंडलिक" त्याच कोरोनेशनमध्ये लागला होता.

मग पहिला कोण? श्री पुंडलिक हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं. कॅमेरा चालवणारा माणूस इंग्रज होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली होती. राजा हरिश्चंद्र मात्र पडद्यासाठीच रचलेली पूर्ण लांबीची कथा होती आणि तिचं सगळं काम इथल्याच माणसांनी केलं. म्हणून "पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथाचित्रपट" हे उत्तर अधिक नेमकं आहे. मुलांना हे सांगितलं की तोरणे आणि सावेदादा ही दोन नावंही त्यांच्या लक्षात राहतात, आणि तीही विनाकष्ट.

आणखी एक प्रश्न पुस्तकांत असतो : "राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीची भूमिका कोणी केली?" उत्तर : अण्णा साळुंके. इथे न थांबता "का?" असं विचारा. त्या काळी चित्रपटात काम करायला स्त्रिया तयार होत नव्हत्या. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांना फाळक्यांनी तारामती केलं. पण लगेच त्याच वर्षी फाळक्यांच्याच "मोहिनी भस्मासुर"मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी भूमिका केल्या. आणि पडद्यामागे तर एक स्त्री पहिल्या दिवसापासून होती. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि शिवाय फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामंही करत. प्रश्नसंचात त्यांचं नाव क्वचितच सापडतं. आपल्या वर्गात तरी ते यायला हवं.

फाळक्यांची अजून एक गोष्ट विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. चित्रपटासाठी पैसे उभे करायचे होते. लोकांना हे नवं तंत्र पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोड्या थोड्या अंतराने त्याची चित्रं टिपली. ती सलग दाखवल्यावर बी रुजताना, कोंब फुटताना आणि वेल वर चढताना मिनिटभरात दिसली. "अंकुराची वाढ" हे त्या छोट्या चित्रफितीचं नाव. ती पाहून काही जणांनी पैसे द्यायची तयारी दाखवली.

हा प्रयोग आज कोणालाही करता येतो. काचेच्या भांड्यात ओल्या कापसावर मटकी किंवा वाटाणा ठेवा. मोबाईल रोज एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवून दिवसातून आठ फोटो काढा. सहा दिवसांत ४८ फोटो होतील. सेकंदाला सहा या वेगाने दाखवले तर आठ सेकंदांची चित्रफीत तयार! भागाकार, अंकुरण आणि दादासाहेब फाळके असे तीन धडे यात एकदम होतात.

"पहिला" या शब्दाची अशीच तपासणी इतर ठिकाणीही करता येते. "भारतातील पहिली रेल्वे?" बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पण ती पहिली प्रवासी रेल्वे. मद्रासजवळ रेड हिल्स इथे दगड वाहून नेण्यासाठी १८३७ च्या सुमारासच रूळ टाकलेले होते. "पहिली भारतीय महिला डॉक्टर?" आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतून पदवी घेतली. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि पुढे त्यांनी व्यवसायही केला. आनंदीबाई मात्र फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी गेल्या. रुग्णांवर उपचार करायची संधी त्यांना मिळालीच नाही. रखमाबाईंनी १८९४ मध्ये लंडनहून शिक्षण पूर्ण केलं आणि पुढची अनेक वर्षं सुरत, राजकोट इथे रुग्णसेवा केली. या तिघींना "पहिली कोण" या शर्यतीत उभं करण्यापेक्षा तिघींची गोष्ट सांगणं जास्त मोलाचं नाही का?

३. इतिहास : तारीख कोणत्या दिनदर्शिकेची?

शिवजयंती आली की मुलं विचारतात, "सर, तारखेची वेगळी आणि तिथीची वेगळी असं का?" हा प्रश्न टाळू नये, कारण यात गणित आहे.

महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकाचा इसवी सन काढायला आपण ७८ मिळवतो. १५५१ + ७८ = १६२९. पण पुस्तकात तर १६३० लिहिलेलं असतं! चुकलं कुठे? कुठेच नाही. शक वर्ष चैत्रात सुरू होतं आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना. तोपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. म्हणून वर्षअखेरच्या या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. १५५१ + ७९ = १६३०. आता राज्याभिषेक पाहा. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ज्येष्ठ हा वर्षाच्या सुरुवातीचा महिना, म्हणून ७८ मिळवायचे. १६७४. बरोबर जमलं. पाचवी-सहावीच्या मुलांना हे गणित सहज करता येतं आणि फार आवडतं.

तिथी चंद्रावर चालते आणि तारीख सूर्यावर, म्हणून दरवर्षी दोन्ही एकाच दिवशी येत नाहीत. एवढं सांगितलं की गणपती कधी ऑगस्टमध्ये तर कधी सप्टेंबरमध्ये का येतात, तेही मुलांना कळतं.

युरोपातसुद्धा असाच घोळ होता. पुस्तकांत एक वाक्य असतं की ज्या वर्षी गॅलिलिओ वारला, त्याच वर्षी न्यूटन जन्मला. वर्ष १६४२. ऐकायला छान वाटतं. पण गॅलिलिओ इटलीतला. तिथे १५८२ पासून नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका सुरू झाली होती. न्यूटन इंग्लंडचा. तिथे १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ही जन्मतारीख जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीने ती ४ जानेवारी १६४३ होते. म्हणजे दोघांना एकाच दिनदर्शिकेत बसवलं की तो योगायोग उरतच नाही!

नवी दिनदर्शिका का करावी लागली? जुन्या पद्धतीत वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचं धरलं होतं. प्रत्यक्षात ते सुमारे ११ मिनिटांनी कमी आहे. वर्षाला ११ मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण शतकानुशतकं साठत साठत त्यांचे दहा दिवस झाले. म्हणून १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. शतकी वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष, हा गणिताच्या पुस्तकातला नियम तेव्हापासूनचा आहे.

४. विज्ञान : उत्तराला अट असते

"पाणी किती अंश सेल्सियसला उकळतं?" सगळा वर्ग ओरडतो, "१००!" बरोबर. पण कुठे? समुद्रसपाटीवर, तिथल्या हवेच्या दाबाला. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. साधारण ३०० मीटर चढलं की उत्कलनांक एका अंशाने उतरतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे तिथे पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे, तिथे ८८ अंशांच्या आसपास. पाणी लवकर उकळतं, मग डाळही लवकर शिजत असेल ना? उलट! पाणी उकळतंय खरं, पण ते पुरेसं गरम नाही, त्यामुळे डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. आपल्या घरचा कुकर नेमकं याच्या उलट करतो. वाफ कोंडून दाब वाढवतो, पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचतं आणि डाळ झटपट शिजते.

दुसरं उदाहरण. "सूर्य पूर्वेला उगवतो." अगदी बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनच दिवसांच्या सुमारास उगवतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, जेव्हा दिवस-रात्र सारखी असते. एरवी तो उन्हाळ्यात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकलेला असतो. घराच्या गच्चीवरून किंवा अंगणातून महिन्यातून एकदा सूर्य कोणत्या झाडामागून किंवा इमारतीमागून वर येतो, ते मुलांना वहीत काढून ठेवायला सांगा. चार महिन्यांत वही बोलू लागेल.

तसंच "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो" हे वाक्य. महाराष्ट्र सगळाच कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य वर्षातून दोन दिवस अगदी डोक्यावर येतो. तेच शून्य सावलीचे दिवस. मुंबई-पुण्याकडे त्यातला पहिला मे महिन्याच्या मध्यास येतो. पण बारा वाजता नव्हे, साडेबाराच्या सुमारास! कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर चालतं आणि मुंबई आहे सुमारे ७३ अंशांवर. साडेनऊ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३८ मिनिटं. त्यात दिवसागणिक थोडा फरक पडतो, एवढंच. मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात एक सरळ काठी रोवून हे घरीच पाहता येतं.

५. उत्तरालाही तारीख असते

घरात जुनं पुस्तक असेल तर त्यात ग्रह नऊ असतात. ऑगस्ट २००६ पासून ते आठ आहेत, कारण प्लुटोला बटुग्रह ठरवण्यात आलं. १ मे १९६० ला महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ३६ आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आणखी चार भाषांनाही मिळाला आणि अभिजात भाषांची संख्या सहावरून अकरा झाली. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावंही बदलली. म्हणून पुस्तक हातात घेतलं की ते कोणत्या वर्षी छापलंय, हे आधी पाहायची सवय मुलांना लावावी.

आणि काही उत्तरं तर कधीच खरी नव्हती! ही तीन उदाहरणं पाहा.

* "चीनची भिंत चंद्रावरून दिसते." चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आणि भिंतीची रुंदी जेमतेम काही मीटर. हे म्हणजे डोक्यावरचा एक केस चार-साडेचार किलोमीटरवरून पाहण्यासारखं झालं. २००३ मध्ये अंतराळात गेलेल्या यांग लिवेई या चिनी अंतराळवीरानेही परतल्यावर भिंत दिसली नाही असंच सांगितलं.
* "हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे." २०१२ मध्ये माहिती अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिलं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. हा प्रश्न विचारणारी एक शाळकरी मुलगी होती, हे मुलांना नक्की सांगा.
* "युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं." असं कधी झालेलं नाही. आपल्या राष्ट्रगीताचा मान अशा खोट्या प्रमाणपत्रावर अवलंबूनही नाही.

६. वर्गात आणि घरी हे कसं करायचं?

रोज पाच प्रश्नांऐवजी चार नेहमीचे घ्या आणि पाचवा "उलगडायचा प्रश्न" ठेवा. त्याचं उत्तर त्या दिवशी द्यायचंच नाही. मुलांनी घरी विचारायचं, पुस्तकात पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी दोन वाक्यांत सांगायचं. "कुठून कळलं?" हेही सांगायचं. आजीकडून कळलं असेल तर आजीचं नाव घ्यायचं. आठवड्यातून एकदा वर्गाने एखादी मोबाईलवर आलेली माहिती तपासायची. पालकांनी एवढंच करावं, की मुलाने "कशावरून?" असं विचारलं तर त्याला उद्धट समजू नये.

सुरुवातीसाठी हे काही प्रश्न, उत्तरांसह :

प्र. १. बटाटा आणि रताळं, दोन्ही मुळंच का?
उ. नाही. रताळं हे मूळ आहे, बटाटा हे जमिनीखालचं खोड आहे. म्हणून बटाट्याला "डोळे" असतात आणि तिथून कोंब फुटतात.

प्र. २. भुईमुगाची शेंग जमिनीखाली असते, मग फूल कुठे येतं?
उ. जमिनीवर. फुलाचं फलन झालं की त्याचा देठासारखा भाग खाली वाकून मातीत शिरतो आणि तिथे शेंग धरते.

प्र. ३. टोमॅटो फळ की भाजी?
उ. वनस्पतिशास्त्रात फळ, स्वयंपाकात भाजी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये आयात कराच्या एका खटल्यात त्याला भाजी ठरवलं होतं.

प्र. ४. २८ फेब्रुवारी हा सी. व्ही. रामन यांचा जन्मदिवस आहे का?
उ. नाही. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला, म्हणून त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतात.

प्र. ५. भारतातला पहिला बोलपट "आलम आरा" (१४ मार्च १९३१). मग पहिला मराठी बोलपट कोणता आणि त्याची कथा कोणाची?
उ. प्रभातचा "अयोध्येचा राजा" (१९३२). कथा पुन्हा राजा हरिश्चंद्राचीच!

प्र. ६. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक कोणत्या चित्रपटाला मिळालं?
उ. आचार्य अत्रे यांच्या "श्यामची आई"ला. हा चित्रपट १९५३ चा.

प्र. ७. १९०० हे लीप वर्ष होतं का? आणि २०००?
उ. १९०० नव्हतं, २००० होतं. नियम वर तिसऱ्या भागात आलाच आहे.

या सातांतला एखादाच प्रश्न उद्याच्या परिपाठात घ्या आणि उत्तर लगेच सांगू नका. मुलं काय काय शोधून आणतात ते पाहा. त्यातलं काही आपल्यालाही नवीन असेल, आणि तेव्हा त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून ते सांगायला लावा.